जुना धंदा आणि नवा धातू
(नाशिक येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



स्थिरावलेला धंदा नव्या शोधाला विरोध का करतो, या विषयावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ज्या समाजाचे पोट पिढ्यान्‌पिढ्या तांब्यापितळेवर चालले, त्याला या प्रश्नासाठी दूर जावयास नको. येथील भांडी बाजारातून एक फेरी मारली की पुरे.

कारागीर अडाणी असतो, त्याला नव्याचे वावडे असते, असे शिकलेली माणसे सहज बोलून जातात. आम्हांस ते मान्य नाही. पूर्वी धातू वितळवून, लगड ओतून, ती ठोकून ठोकून पत्रा करावा लागे. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून तयार पत्रा मुंबईमार्गे येऊ लागला, तो आपल्या वाडवडिलांनी घेतलाच की! पुढे विजेवरचे लेथ व प्रेस आले. थोडी कुरबूर झाली, पण तेही कारखान्यांत रुजले. या शोधांनी कष्ट वाचवले, आणि घागर मात्र घागरच राहिली. तिचे वजन, तिची मोड, तिची कल्हई, तिचे गिऱ्हाईक, सारे होते तेथेच राहिले. धंद्याच्या घडीत बसणारा शोध परका वाटत नाही. घडीच विसकटणाऱ्याशी वाकडे येते.

ती घडी कशी होती, हे तरुण मंडळींसाठी सांगितले पाहिजे. पितळेचे भांडे वजनावर विकले जाई. ते चेपले, फुटले तरी मोड म्हणून त्याला दाम असे. जुनी मोड घालावी, वर घडणावळ द्यावी आणि नवे पातेले न्यावे, असा व्यवहार. त्यामुळे फडताळातील हंडे, कळश्या, पराती ही घराची शिल्लकच होती. अडीअडचणीला ती गहाणही पडे. त्याच मोडीतून कारखान्याला कच्चा माल मिळे. दारोदार भाता घेऊन फिरणारा कल्हईवाला, त्याचे कथील, त्याचा नवसागर, लग्नातील रुखवत, हे सारे त्या एका व्यवहाराला जोडलेले. त्यात आपले नाशिक हे क्षेत्र. गंगेचे पाणी घरी नेण्यास यात्रेकरूला तांब्याचा गडू हवा, पूजेला ताम्हन-पळी हवी. हे गिऱ्हाईक कधी तुटले नाही.

आता नव्या धातूकडे येऊ. इंग्लंडातील शेफील्ड हे चाकूसुऱ्यांचे पिढीजात गाव. तेथे हॅरी ब्रिअर्ली या गृहस्थाने १९१३ साली क्रोमियम मिसळलेले, सहसा न गंजणारे पोलाद तयार केले. चाकूसाठी ते उत्तम, हे त्याने ओळखले. परंतु ते घडवण्यास व त्यास पाणी देण्यास अवघड, म्हणून गावच्या कारागिरांनी नाके मुरडली. ‘न कापणाऱ्या चाकूंचा शोधक’ अशी त्याची टवाळी झाली. त्याच्या मालकांनाही प्रथम त्यात फारसा अर्थ दिसला नाही, आणि १९१५ साली तो ती नोकरी सोडून गेला. म्हणजे ज्या गावात नव्या पोलादाचा जन्म झाला, त्याच गावच्या धंद्याने त्याला दारात उभे केले नाही.

आपल्याकडे याआधी अॅल्युमिनियम आले होते. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी करण्यास आरंभ केला. लोकांनी त्यास ‘जर्मन’ म्हटले आणि बाजाराने ते गरिबाघरचे म्हणून सोडून दिले. स्टीलच्या बाबतीतही कसोट्या आपल्याच लावल्या गेल्या: वजन नाही, नाद नाही, मोड नाही, देवघरात चालत नाही. या साऱ्या गोष्टी खऱ्याच होत्या. पण स्वयंपाकघरात कसोटी निराळी होती. पितळेच्या भांड्यातील कल्हई उडाली की ताक कळकते, चिंचेची आमटी कळकते. शिवाय राख आणि चिंच घेऊन रोज घासणे आहेच. स्टीलचे पातेले या जाचातून बाईची सुटका करीत होते. तिचे मत भांडी बाजाराने विचारले नाही, कारण मोड घेऊन दुकानाची पायरी चढत असे तो बहुधा पुरुष.

आणि ते स्टील अनेक घरांत शिरले कोणत्या वाटेने? बोहारणीच्या डोक्यावरील पाटीतून! जुने कपडे, जरीची साडी द्यावी आणि स्टीलचा डबा घ्यावा. मोडीची अदलाबदल आपल्या हाती होती. कपड्यांच्या अदलाबदलीकडे कोणी धंदा म्हणून पाहिलेच नाही. मग तांबटाच्या घरीही ताकाचे भांडे स्टीलचे आले, आणि ते कोणी आणले हे भगिनींना विचारावे.

यात एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दुकानदाराने एका हंगामात फळीवरचा माल बदलला. आज त्याच पेढ्या स्टील विकतात. कारागिराला ते शक्य नव्हते. स्टील हातोड्याखाली पितळेसारखे वळत नाही; ठोकावे तसे अधिक कठीण होते. त्याला मोठे प्रेस लागतात. तीस वर्षे मठारकामात मुरलेला हात तेथे निरुपयोगी ठरतो. दुकानाने नव्याला नाके मुरडली ती भांडवल मोडीत अडकले म्हणून, आणि हंगाम चांगला चालला होता म्हणून. त्या दिवशीचा त्याचा हिशेब बिनचूकच होता. हाताने विरोध केला तो सर्वस्व जाणार म्हणून. त्या हाताला हेकट म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. समाजाच्या एका अर्ध्याने बदल पचवला आणि दुसऱ्या अर्ध्याने त्याची किंमत मोजली, हे मात्र आपल्या सभांतून फारसे बोलले जात नाही.

आज तांब्याच्या बाटल्या आणि मठारलेले पेले शहरी गिऱ्हाईक हौसेने घेते, त्यामुळे काहींना सुगी परतली असे वाटते. हौसेचे गिऱ्हाईकही त्या यात्रेकरूसारखेच. स्वयंपाकघरात काय चालले आहे हे ते सांगत नाही. तेथे इंडक्शनची शेगडी आली आहे. तिच्यावर निव्वळ तांबे, पितळ वा जर्मन तापत नाही आणि लोहचुंबक न धरणारे स्टीलही नीट चालत नाही. ‘ही शेगडी टिकणार नाही,’ असे आता स्टील विकणारेच म्हणू लागले तर नवल नाही. पितळी भांड्याच्या बुडाला लोहचुंबक धरणारा पत्रा बसवता येतो. पण त्याला यंत्र लागते, आणि ते एकट्या कारागिराच्या आवाक्यातले नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. असे यंत्र समाजाच्या निधीतून घ्यावे आणि ते प्रथम हातकाम करणाऱ्या कुटुंबांस वापरू द्यावे. पेढीवाल्यांचा क्रम त्यानंतर. दुसरी सूचना पेढीवाल्यांसाठी. विकलेल्या मालाची वही प्रत्येक दुकानात असते. रिकाम्या हाताने परत गेलेले गिऱ्हाईक काय मागत होते, याचीही एक वही या दसऱ्यापासून गादीवर ठेवावी, आणि पुढील मेळाव्यास ती बरोबर आणावी.