एक शब्द, तीन अर्थ
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला उभे केले आहे खरे, पण मी काही वक्त्या बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि पावसाळ्यात कामवारीला पाणी आले की वडील पाठवीत नसत. तेव्हा शब्दांवर बोलण्याचा अधिकार माझा नाही. तरी मी आज एका शब्दावरच बोलणार आहे, कारण तो शब्द गेले चार महिने आमच्या घरात मुक्कामाला आहे.

झाले असे की आमच्या मुलीची पत्रिका करायची निघाली. हल्ली पत्रिका संगणकावर निघते. दुकानात जन्मतारीख, वेळ आणि गाव सांगितले की दहा मिनिटांत कागद हातात. आमची पत्रिका निघाली ती इंग्रजीत, आणि पहिल्याच ओळीत होते, असेंडंट, सिंह. मी मुलीला विचारले, हे काय गं? ती बी.कॉम. झाली आहे. तिने शब्दकोश काढला आणि एकेक अर्थ वाचू लागली. वर चढणारा. वर्चस्व असलेला, वरचढ. पूर्वज, म्हणजे आपल्या वरच्या पिढीतला माणूस. आणि ज्योतिषात लग्नरास.

माझ्या हातात पीठ होते, ते तसेच राहिले. मी म्हटले, अगं, कोणी साहेबाने हे आपल्या घरातली बैठक बघून लिहिले की काय! मुलगी बघायला माणसे येतात तेव्हा हेच तिन्ही पाहुणे एका गाडीतून उतरतात. ग्रह येतात, घराणे येते, आणि वरचढपणा येतो. चहा मात्र तिघांना मिळून एकच.

आता आपण एकेक घेऊ.

लग्न हा शब्द आपण रोज बोलतो, पण त्याचा मूळ अर्थ मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळला. लग् म्हणजे लागणे, चिकटणे. आपण जन्मतो त्या क्षणी पूर्वेला जी रास क्षितिजाला लागलेली असते ती आपली लग्नरास. पुढे शुभकार्याला चांगली रास पूर्वेला असावी म्हणून वेळ काढू लागले, त्या वेळेला लग्न म्हणू लागले, आणि अखेरीस त्या वेळेवर होणाऱ्या कार्यालाच ते नाव पडले. म्हणून आपण ‘लग्न लागले’ असे म्हणतो. पद्मानगरच्या आमच्या तेलुगू मैत्रिणीला मी विचारले, तर त्यांच्यात विवाहाला पेळ्ळी म्हणतात आणि लग्नम् म्हणजे अजूनही फक्त मुहूर्ताची वेळ. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, आपण एकीत एक घातल्या.

पूर्वी ही वेळ घटिकापात्राने मोजीत. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक, ती पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे 24 मिनिटे, आणि अशा 60 घटकांचा दिवसरात्र. ‘घटका भरली’ असे आपण म्हणतो ते तिथूनच आले. पुढे घड्याळे आली तरी घोळ संपला नाही. भारतीय प्रमाणवेळ 1906 पासून सुरू झाली, पण मुंबईत तिच्या 39 मिनिटे मागची मुंबईची म्हणून निराळी वेळही 1955 पर्यंत चालू होती. तेव्हा जुन्या माणसांच्या पत्रिकेत सकाळचे आठ लिहिले असतील तर ते कोणाचे आठ, हे आधी विचारावे लागते.

हे महत्त्वाचे का, तर आकाशातल्या बारा राशी चोवीस तासांत पूर्वेला उगवून जातात. म्हणजे सुमारे दोन तासांनी लग्नरास बदलते. कोणती रास थोडी लवकर सरते, कोणती रेंगाळते. आणि लग्नरास बदलली की पत्रिकेतली सगळी घरे सरकतात. ग्रह जागचा हालत नाही, पण त्याचे घर बदलते.

आता मी जे सांगणार आहे ते मी माझ्या घरात चोवीस वर्षे सांगितले नव्हते.

माझा जन्म घरीच झाला. भिवंडी तालुक्यातले आमचे गाव, भातशेतीचे. घड्याळ दोनच घरांत. माझी वेळ आजीने ध्यानात ठेवली ती अशी, गुरे रानात गेली होती आणि आईचे भाकऱ्या थापणे अर्धे राहिले. ही माझी जन्मवेळ. आमच्या गावात तेव्हा पत्रिका फारसे कोणी करीत नसे. नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास काढायची आणि पंचांग बघून जुळते की नाही ते सांगायचे. पण मला शहरातले स्थळ आले, शिकलेली माणसे, त्यांनी पत्रिका मागितली. ज्योतिषांनी विचारले, वेळ किती? वडील म्हणाले, आठ लिहा. आठ लिहिले, आणि मंगळ सातव्या घरात आला. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरातला मंगळ म्हणजे मुलगी मंगळी. पत्रिका आठ दिवसांत परत आली. पाकिटात चिठ्ठीसुद्धा नव्हती.

तुमच्यापैकी ज्यांची पत्रिका अशी परत आली असेल त्यांना ते पाकीट ठाऊक आहे. आई माझ्याकडे बघेना. मी पाणी आणायला गेले की विहिरीवर बोलणे थांबायचे. माझे वय एकोणीस, आणि मला वाटू लागले की मी कोणाच्या तरी मरणाचे कारण आहे, तो माणूस मी अजून पाहिलेलाही नव्हता. पुढच्या वर्षी कळले, त्या मुलाचे लग्न झाले आणि मुलीची पत्रिका कोणी बघितलीही नाही. तिच्या वडिलांचे बारा माग होते.

मग दुसरे स्थळ आले, म्हणजे माझे आताचे घर. वडील दुसऱ्या ज्योतिषांकडे गेले आणि या वेळी म्हणाले, दहा लिहा. भाकऱ्या आठलाही थापतात आणि दहालाही थापतात, आजी काही खोटे बोलली नव्हती आणि वडीलही म्हणाल तर नव्हते. दहा लिहिले, लग्नरास एक घर पुढे गेली आणि मंगळ सातव्यातून सहाव्यात आला. सहाव्यातला मंगळ कोणाला त्रास देत नाही. छत्तीसपैकी सव्वीस गुण जुळले. सासरे खूश झाले.

वडिलांनी मला येताना वाटेत एवढेच सांगितले, ‘पोरी, कोणी विचारलं तर दहा.’ नंतर घरात कोणाला साधा ताप आला तरी मी मनात आठ आणि दहा मोजीत बसे. यजमानांना 2009 साली कावीळ झाली होती. पंधरा दिवस ते अंथरुणात, आणि मी उशाशी बसून, वेळ चुकीची सांगितली म्हणून देवाची क्षमा मागत होते. औषध डॉक्टरांनी दिले, पथ्य मी केले, तरी माझ्या मनात मंगळच.

पुण्याला 2008 साली शास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक परीक्षा घेतली होती, ती मी खूप नंतर वाचली. काही हुशार मुलांच्या आणि काही मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून ज्योतिषांना प्रत्येकी 40 पाठवल्या, आणि 27 जणांची उत्तरे आली. कोणती पत्रिका कोणत्या मुलाची ते ओळखायचे. शंभरात सरासरी 46 बरोबर आल्या. नाणे उडवले असते तरी पन्नास यायला हव्यात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना मी दुखवीत नाही. माझ्याही भिंतीवर कालनिर्णय आहे आणि मी चतुर्थी त्यातच बघते. पण ही बातमी मला त्या पंधरा दिवसांत कोणी वाचून दाखवली असती तर मी थोडे जेवले असते.

दुसरा अर्थ पूर्वज. सासरे गेले तेव्हा आम्ही अस्थी घेऊन नाशिकला गेलो. तिथे उपाध्यायांकडे वह्या असतात, गाव आणि आडनाव सांगितले की आपल्या घराण्याचे पान निघते. आमचेही निघाले. पाच पिढ्यांची नावे, कोण कधी आले होते, खाली सह्या, कोणाचा अंगठा. यजमानांच्या डोळ्यांत पाणी आले. मीही वाकून बघितले. आमच्या पानावर एकही बाई नव्हती. मी विचारले, हे सगळे पुरुष जन्मले कोणाच्या पोटी? उपाध्याय भले माणूस, हसले आणि म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही सांगा, आम्ही लिहितो.’ सासूबाईंच्या सासूचे नाव मला ठाऊक होते. तिच्या सासूचे कोणालाच ठाऊक नव्हते. जे ठाऊक होते ते लिहून आले.

गेल्या वर्षी मंडळात वकीलबाई आल्या होत्या, त्यांना मी नंतर हा शब्द विचारला. त्या म्हणाल्या, 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात हाच असेंडंट आहे, पण तिथे अर्थ पूर्वज. कोणत्या नात्यात विवाह होत नाही ते सांगताना तो येतो. सपिंड धरताना वडिलांकडून पाच पिढ्या मोजतात आणि आईकडून तीन. म्हणजे कायद्याने आईला पानावर घेतले, जरी दोन पिढ्या कमी. सगोत्र विवाहाची आडकाठी तर त्याच्याही आधी, 1946 च्या कायद्याने निघाली. आणि मंगळ, नाडी, गुण? त्यांचा त्या कायद्यात उल्लेखच नाही, असे त्या म्हणाल्या. मी दोनदा विचारून घेतले.

आमच्या गल्लीतली कोकणी मुसलमान शेजारीण म्हणते, ‘आमच्यात पत्रिका नसते ताई, पण खानदान विचारल्याशिवाय कोणी सरबत पीत नाही.’ तेव्हा ग्रह नसले तरी बाकीचे दोघे येतातच.

तिसरा अर्थ वरचढपणा. त्यावर मी फार बोलणार नाही, तो आपण सगळ्यांनी ताटात वाढून घेतलेला आहे. एकच सांगते. मला इतकी वर्षे वाटे की नवरदेवाला ‘वर’ म्हणतात ते तो वरचा म्हणूनच. वरपक्ष वर, वधूपक्ष खाली. मुलीच्या मराठीच्या बाईंनी माझी चूक काढली. वरचा ‘वर’ आला ‘उपरि’पासून. नवरदेवाचा ‘वर’ आला निवडणे या धातूपासून. वर म्हणजे निवडलेला. निवडणारी कोण, ते तुम्हीच बघा.

आमच्या आगरी घरांत आजही हळदीला धवलारीण येते. बाईच असते. ती धवले गाते, देवांना आणि गेलेल्या माणसांना लग्नाचे आवतण देते, आणि तिच्या शब्दाशिवाय हळद लागत नाही. वारली पाड्यांवर तर धवलेरी लग्नच लावते. माझ्या हळदीला आलेली धवलारीण सत्तरीची होती, लिहिणेवाचणे शून्य. तिने माझ्या आजीला नावाने हाक मारून मांडवात बोलावले. आजी तेव्हा वर्षभरापूर्वी गेली होती. मला माझी वेळ, ते खोटे दहा, सगळे आठवले आणि मी रडू लागले. बायकांना वाटले, माहेर सुटते म्हणून रडते.

तर आता मुलीची पत्रिका. हिची वेळ पक्की आहे, इस्पितळाच्या कागदावर मिनिटासह लिहिलेली, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. कोणाला आठ आणि दहा मोजायला लागणार नाही. पण तो कागद दुकानात देण्याआधी मला माझा कागद निकाली काढायचा होता. दिवाळीत फराळाचे करताना मी सासूबाईंना सगळे सांगितले. चकलीचा सोऱ्या माझ्या हातात, तोंड कढईकडे. म्हटले, ‘आई, मी तुम्हाला फसवलं. माझी वेळ दहाची नाही. आठची असेल, नऊची असेल. मी मंगळी असेन.’

सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘चकली जळतेय, काढ ती.’ मी काढली. त्या म्हणाल्या, ‘आणि तुझ्या नवऱ्याची वेळ कोणाला ठाऊक होती? मी शुद्धीवर नव्हते आणि हे शेतावर. मामंजींनी जी सांगितली ती लिहिली. त्या वेळचे सव्वीस गुण ना? कोणाचे कोणाशी जुळले, देव जाणे.’ आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की यजमान बाहेरून विचारायला आले, काय झाले म्हणून. त्यांना आम्ही अजून सांगितलेले नाही. आज ते पुरुषांच्या रांगेत मागे बसले आहेत, त्यांना आताच कळले.

येत्या रविवारी मुलीला बघायला माणसे येणार आहेत. त्यांनी पत्रिका मागितली आहे. मी म्हटले, देते, मुलाचीही आणा, आणि त्याची वेळ कोणी बघितली होती तेही विचारून या.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. हळदीकुंकू व्हायचे आहे.