चुका काढणारा मित्र : रॉन रिव्हेस्ट यांची वाटचाल

रॉन रिव्हेस्ट १९७४ साली स्टॅनफर्डहून पीएच.डी. घेऊन एमआयटीत शिकवू लागले. आपल्या या महाविद्यालयाला मात्र त्यांचे नाव आधी कळले ते पुस्तकामुळे. कॉर्मेन आणि लायसरसन यांच्याबरोबरचा त्यांचा अल्गोरिदमवरचा जाडजूड ग्रंथ १९९० साली निघाला. इथल्या ग्रंथालयातली एकुलती एक प्रत ज्याच्या नावावर असे, त्याच्या हॉस्टेलच्या खोलीबाहेर परीक्षेआधी रांग लागे. फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याला त्यातली प्रकरणे नावानिशी पाठ होती.

त्यांच्या शोधाची गोष्ट त्याआधीची. संदेशाला कुलूप लावायची किल्ली जगजाहीर करावी आणि उघडायची स्वतःजवळ ठेवावी, ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. तसे कुलूप घडवायचे राहिले होते. रिव्हेस्ट आणि आदी शामीर नवनव्या युक्त्या काढत, लेन एडलमन त्या मोडून दाखवत. अशा चाळीसएक युक्त्या मोडल्या. एप्रिल १९७७ मध्ये वल्हांडण सणाचे जेवण उरकून घरी आलेल्या रिव्हेस्टना झोप येईना. सकाळपर्यंत लेखाचा मसुदा तयार होता. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, गुणाकारावरून त्या संख्या शोधणे महाकठीण, यावर त्या रात्रीची आरएसए ही पद्धत उभी आहे. बाकीचे गणित आजच्या या संमेलनाच्या मांडवात नको.

एडलमनना ही युक्ती मोडता आली नाही. आपण फारसे काही केले नाही, तेव्हा लेखावर नाव नको, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी त्यांनी आपले नाव तिसरे लावून घेतले. तरुणांनी आधी शिकावे ते एडलमन यांचेच काम. वाहवा करणारे कॅन्टीनमध्ये डझनाने भेटतात. वही ओढून ‘इथं चुकलंय’ म्हणणारा एखादाच, त्याच्यावर रुसू नये. प्रोजेक्टचा जोडीदार निवडताना तरी तोच निवडावा. पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या लाल पेनाचा राग इथल्या कित्येकांनी वर्षानुवर्षे धरला. त्यांतलाच एक आज हार घालून व्यासपीठावर बसवला गेला आहे.

या शोधावर तिघांनी १९८२ मध्ये कंपनी काढली. शोधाचे पेटंट १९८३ मध्ये एमआयटीला मिळाले, पण प्राध्यापकांना धंदा काही जमेना. १९८६ मध्ये जिम बिडझोस आले आणि कंपनी सावरली. १९९६ मध्ये ती सिक्युरिटी डायनॅमिक्सने विकत घेतली. तिघांना २००२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आव्हान म्हणून १९७७ मध्ये छापलेली त्यांची १२९ अंकी संख्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी १९९४ मध्ये फोडली आणि कबूल केलेले शंभर डॉलर जिंकले. रिव्हेस्ट यांची मजकुराचा ठसा काढणारी एमडी५ ही पद्धतही २००४ मध्ये चिनी संशोधकांनी मोडली. रिव्हेस्ट मतदानाच्या यंत्रांकडेही वळले. सॉफ्टवेअरमधल्या न सापडलेल्या चुकीने निकाल कुणाच्या नकळत बदलता कामा नये, हा निकष त्यांनी जॉन वॅक यांच्याबरोबर मांडला. मतदाराला स्वतः तपासता येईल अशा कागदी मतपत्रिकेचा ते आग्रह धरतात.