तेलपाणी कोणी करावयाचे?



कामगार संघटनेच्या माणसाने कॉम्प्युटरवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण जिनिंगच्या फाटकाबाहेर झाले, आणि हा विषयही आम्हांला एका तंट्यापायी शिकावा लागला. आमच्या जिल्ह्यातील एका कारखान्यात हजेरीचा प्रोग्राम आला. तीन फाटकांवरची हजेरी तो कचेरीकडे धाडी. आठपंधरा दिवसांतून एखाद्या सकाळी मात्र तो मध्येच कोसळे, आणि हजर माणसे गैरहजर लागत. ऑपरेटर मुलीने भलतेच बटण दाबले, असा ठपका ठेवून तिचा पगार कापला गेला. तपासावयास कोणी दुपारी आला, की प्रोग्राम शहाण्यासारखा चाले!

एका प्रोग्रामात एकाच वेळी चालणाऱ्या कामांना थ्रेड, म्हणजे धागे, म्हणतात. हिंगणघाट-पुलगावच्या श्रोत्यांना धागा काय ते समजावून सांगावयास नको. येथे प्रत्येक फाटकाचा एक धागा होता. हे धागे दुसऱ्याने लिहून ठेवलेली लायब्ररी वापरतात. ती वापरण्यापूर्वी एकदा सिद्ध करावी लागते आणि शेवटी आवरावी लागते. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी 1998 साली आरंभलेल्या 'कर्ल' प्रकल्पातली 'लिबकर्ल' ही अशीच एक. तिचा 2022 पूर्वीचा दंडक मोठा कडक होता. सिद्धतेच्या वेळी प्रोग्रामात दुसरा एकही धागा चालू नसावा; लिबकर्लशी ज्याचा काही संबंध नाही, असाही नसावा. हे आम्हांला प्रथम अतिरेकी वाटले. पण ही लायब्ररी स्वतः सिद्ध होताना इतर लायब्रऱ्यांनाही सिद्ध करते, आणि त्या नेमक्या दुसऱ्या धाग्याच्या हातात असू शकतात. एका शाफ्टवर दहा रेचे चालतात, तेथे तेलपाणी शाफ्ट फिरण्यापूर्वीच करतात. फिरत्या शाफ्टला तेल घालणाऱ्याची बोटे आम्ही पाहिली आहेत.

आमच्या तंट्यात प्रत्येक धागा आपापली सिद्धता करी. पहिला विचारी, झाली काय? नाही. तो कामाला लागे. पण झाल्याची खूण करण्याआधीच दुसराही तेच विचारी आणि तेच करू लागे. एकाने मांडलेले दुसरा मोडी. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत. तिन्ही फाटके पाळीच्या भोंग्यालाच एकदम उघडत, म्हणून घोटाळा सकाळी. दुपारी एकच धागा चाले, म्हणून तपासणीत काही सापडत नसे.

आवराआवर तर त्याहून वाईट. ज्याचे काम आधी संपे तो सारे आवरून निघे, आणि मागचा धागा अर्ध्या कामात उघडा पडे. यावर मोजणी ठेवतात: आला की एक वाढवा, गेला की एक कमी करा, शून्य झाले की मगच आवरा. परंतु ती मोजणीच दोघांनी एकदम लिहिली तर? म्हणून तिला कुलूप हवे. 'हे काम एकदाच' अशी सोय पॉझिक्सच्या धाग्यांना 1995 साली मिळाली, सी प्लस प्लसला 2011 साली. 2016 ची ओपनएसएसएल 1.1.0 आपली सिद्धता आपणच करू लागली. लिबकर्लनेही 2022 साली, जेथे यंत्रणा साथ देते तेथे, हे काम धाग्यांना सुरक्षित केले. पण कारखान्यांत जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे चालत राहतात, हे कोणाला ठाऊक नाही?

तेथे जुनी रीतच बरी: मुख्य धाग्याने आधी सिद्धता करावी, मग बाकीचे सुरू करावेत, सर्व परत येईपर्यंत थांबावे, मग आवरावे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने दोन ओळी हलविल्या, आणि कोसळणे थांबले.

राहिला पगार. नुकसानीपोटी कपात करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा दंडक 1936 च्या वेतनाच्या कायद्यापासून चालत आला आहे. त्या मुलीला कोणी विचारलेच नव्हते. तिची रक्कम परत मिळाली. गैरहजर लागलेल्यांची यादी आम्ही फाटकाच्या वहीशी ताडून पाहत आहोत. दोन महिन्यांची पाने अजून बाकी आहेत.