वारा पडल्यानंतर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत भुवनेश्वर येथे केलेले भाषण)



नाट्यसंगीत, संतवाङ्मय असे भारदस्त विषय इतर वक्त्यांनी आधीच घेऊन टाकल्यामुळे माझ्या वाट्याला उकाडा उरला, असा समज कृपया करून घेऊ नये. हा विषय मी मागून घेतला आहे. आपल्या मंडळातील अनेक सभासद आता साठीपलीकडे गेले आहेत, त्यांची मुले बंगळूरला किंवा परदेशी आहेत, आणि आपण सारे अशा किनाऱ्याजवळ राहतो की जेथे वादळ ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

शुक्रवार, ३ मे २०१९ रोजी सकाळी 'फणी' वादळ पुरीजवळ किनाऱ्याला धडकले. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले. नागाच्या फण्याशी त्याचे नाते मराठी माणसाला सांगावे लागत नाही. वाऱ्याचा वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात होता आणि झोत दोनशेच्या पुढे जात होते. ऑक्टोबर १९९९च्या महाचक्रीवादळात याच राज्यात सुमारे दहा हजार माणसे प्राणांस मुकली होती. फणीच्या वेळी जवळजवळ बारा लाख लोकांना दोन दिवसांच्या आत सुरक्षित स्थळी हलविण्यात आले आणि राज्यातील मृतांचा अधिकृत आकडा ६४वर थांबला. वीस वर्षांत एका गरीब राज्याने केलेली ही कामगिरी जगाने वाखाणली, आणि ती वाखाणण्याजोगीच होती.

परंतु मला बोलायचे आहे ते वारा पडल्यानंतरच्या दिवसांविषयी. ऑक्टोबरचे वादळ ओसरले की पाठोपाठ थंडी येते. मे महिन्यातील वादळामागून येते ते ऊन. आकाश निवळते, भिजलेली जमीन वाफ सोडू लागते, समुद्राकडून येणारी हवा ओलसरच असते, आणि ज्या झाडांनी सावली धरावी ती रस्त्यावर आडवी पडलेली असतात. ओडिया भाषेत या हवेला 'गुळुगुळी' असा मोठा नेमका शब्द आहे. आपला 'उकाडा' त्याच्या जवळ जातो, पण त्यातला चिकटपणा काही या शब्दात उतरत नाही.

येथे नागपूर-अकोल्याकडील मंडळी बरीच आहेत. त्यांना पस्तीस अंशांचे काय कौतुक, असे ती म्हणतील. परंतु उन्हाळ्याचे माप केवळ पाऱ्यावर होत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीरही शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण करीत असते, आणि ती बाहेर टाकण्याचा उन्हाळ्यातील मुख्य मार्ग म्हणजे घाम. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातील उष्णता घेऊन जातो. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळले तर पारा जेथवर उतरतो तेथवरच घाम आपल्याला निववू शकतो, असे ढोबळ मानाने समजावे. बेचाळीस अंश तापमान आणि वीस टक्के आर्द्रता असलेल्या विदर्भातील दुपारी हा ओला पारा चोविसाच्या आसपास उतरतो. पुरीच्या चौतीस अंशांत आर्द्रता पंचाहत्तर टक्के असली तर तो तिसाच्या खाली जात नाही. म्हणून वाळ्याचा पडदा आणि कूलर तिकडे राजा, इकडे निरुपयोगी. इकडे आधार एकाच गोष्टीचा, पंख्याचा. पंखा हवा थंड करीत नाही, अंगालगतची ओथंबलेली हवा हलवून घामाला वाळायला जागा करून देतो. आणि नेमका तोच वादळानंतर बंद पडतो.

फणीने राज्यात विजेचे लाखाहून अधिक खांब पाडले. भुवनेश्वरच्या अनेक वस्त्यांत आठवडा-दीड आठवडा अंधार होता. पुरी आणि तेथील खेड्यांनी तर कित्येक आठवडे तसेच काढले. वीज गेली म्हणजे दिवे गेले असे आपण म्हणतो, खरे तर पाणी जाते. बोअरची मोटर बंद, म्हणून गच्चीवरची टाकी कोरडी. त्या दिवसांत टाकी भरून देणारी भाड्याची जनित्रे गल्लोगल्ली फिरत होती आणि त्यांच्या मागण्या अक्षरशः पाण्याच्या भावाच्या नव्हत्या. इन्व्हर्टर पहिल्या रात्रीच थकला. फोन मुके झाले आणि रोकड काढण्याची यंत्रेही. तिसऱ्या मजल्यावरच्या वृद्ध जोडप्याला बादली वर न्यावी की तहान मारावी, हा प्रश्न रोज पडत होता.

लोक चिडले, रस्ते अडविले गेले. राग समजण्यासारखा होता, पण दुरुस्तीचा क्रम आपल्याला ठाऊक नसतो हेही खरे. आधी उपकेंद्रे, मग मुख्य वाहिन्या, मग रोहित्रे आणि शेवटी आपल्या दारातील तार. रुग्णालये व पाणीपुरवठा यांना अग्रक्रम मिळतो आणि मिळालाच पाहिजे. वाहिनीवर एक फांदी जरी अडकून राहिली तरी तीत प्रवाह सोडता येत नाही. शेजारच्या राज्यांतून आलेले वायरमन भर उन्हात खांबांवर चढले होते. एखाद्या हौशी गृहस्थाने बदली स्विच न बसविता आपले जनित्र घरच्या तारांना जोडले, तर तो प्रवाह रोहित्रातून उलटा जाऊन बाहेर हजारो व्होल्टचा होतो, आणि तार मृत आहे असे समजून तिला हात लावणारा वायरमनच मृत होतो.

सरकारी नोकराला आकड्यांवर विश्वास ठेवण्याची सवय असते, म्हणून एक आकडा मला बरेच दिवस सतावीत आहे. सप्टेंबर २०१७मध्ये 'मारिया' वादळ कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर आदळले. तेथेही मृतांचा अधिकृत आकडा ६४ होता आणि तो जवळजवळ वर्षभर तसाच राहिला. पुढे तेथील सरकारनेच एका विद्यापीठाकडून अभ्यास करविला. वादळानंतरच्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा किती मृत्यू अधिक झाले हे त्यात मोजले गेले. तो अंदाज निघाला २,९७५. शेवटच्या घरी वीज पोहोचायला त्या बेटावर अकरा महिन्यांच्या आसपास लागले होते. २०२१मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरावर 'आयडा' आले. २००५च्या 'कत्रिना'नंतर पुन्हा उभारलेले बांध यावेळी टिकले, शहर बुडाले नाही. मात्र वीज नसलेल्या घरांत उष्म्याने माणसे गेली, आणि त्यांत वृद्धच अधिक होते.

आपले ६४ चुकीचे आहेत असे मला मुळीच सुचवायचे नाही. इतकेच की वादळात उन्मळलेल्या झाडाखाली सापडलेला माणूस मोजला जातो. आठव्या रात्री उकाड्याने हृदय थकून गेलेला म्हातारा वयोमानाने गेला असे आपण म्हणतो, आणि मोजणी तेथेच संपते.

हे केवळ पूर्वकिनाऱ्याचे दुखणे नव्हे. फणीनंतर बरोबर तेरा महिन्यांनी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडची कित्येक गावे आठवडेच्या आठवडे विजेवाचून होती. नारळी-पोफळीच्या बागांचे नुकसान वर्तमानपत्रांत आले. पंख्यावाचून काढलेल्या रात्रींविषयी मात्र नातेवाइकांच्या फोनवरच ऐकले.

या प्रदेशाने उन्हाळ्याशी पूर्वापार कसा तह केला आहे तेही पाहण्यासारखे आहे. अक्षय्य तृतीयेपासून पुरीत चंदनयात्रा सुरू होते, देवालाही नौकेतून जलविहाराला नेतात. त्या वर्षी ही तृतीया ७ मे रोजी, वादळानंतर चौथ्याच दिवशी आली. घराघरांत पाण्यात आंबविलेल्या भाताची पखाळ असते. तिला ना शेगडी लागते ना शीतकपाट, आणि घामावाटे गेलेले पाणी व मीठ ती भरून काढते. आपल्यातील काही भगिनींनी त्या आठवड्यात ती प्रथमच केली, आणि पुढे सोडली नाही असे ऐकतो.

आता मंडळापुरते. एप्रिल संपण्याआधी कार्यकारिणीने एक वही करावी. वरच्या मजल्यावर एकटे कोण राहते, कोणाचे इन्सुलिन थंड ठेवावे लागते, कोणाला प्राणवायूचे यंत्र लागते, कोणाच्या इमारतीजवळ चालू हातपंप आहे, हे त्यात लिहावे. वही कागदाचीच हवी, कारण फोनमधील यादी दुसऱ्या दिवशी दिसत नाही. वादळाची सूचना आली की टाकीबरोबर पिंप आणि कळश्याही भरून ठेवाव्यात, आणि जनित्र कधीही बंद खोलीत किंवा गॅलरीत लावू नये, त्याचा धूर झोपेतच जीव घेतो. वारा पडल्यावर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या दिवशी दोघा-दोघांनी वहीतील घरी प्रत्यक्ष जाऊन यावे. माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागला किंवा अंग तापलेले लागले, तर अंगावर ओले फडके टाकून वारा घालीत तडक रुग्णालय गाठावे. मंडळाच्या सभागृहाला जनित्र घ्यावे ही सूचना यापूर्वी खर्चाच्या कारणाने मागे पडली आहे. खजिनदार समोरच बसले आहेत, तेव्हा तिच्यावर अधिक न बोलता मी आपली रजा घेतो.