पोर बिघडलं म्हणण्याआधी

आठवी-नववीतलं पोर उलट बोलायला लागलं, शाळा बुडवायला लागलं, की आपली दोन कारणं तयार असतात : संगत वाईट, नाहीतर घरचं वळण नाही. घरच्या परिस्थितीचा नंबर फार उशिरा लागतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात जेन कॉस्टेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून १,४२० मुलांच्या वर्षावर्षाला मुलाखती घेतल्या. त्यांतली साधारण पाव मुलं चेरोकी या आदिवासी जमातीची. अभ्यास चालू असतानाच चेरोकींच्या जमिनीवर कॅसिनो उभा राहिला आणि नफ्यातला वाटा दर सहा महिन्यांनी जमातीतल्या प्रत्येकाच्या नावे निघू लागला. मुलांचा हिस्सा ती मोठी होईपर्यंत राखून ठेवलेला. जुगाराच्या पैशानं पोरं सुधारली, हे ऐकायला कसंसंच वाटतं खरं. पण हा पैसा कुणाची लायकी बघून दिलेला नव्हता, सरसकट होता. त्यामुळे कष्टाळू घरंच वर आली आणि त्यांचीच मुलं सुधारली, असं म्हणायला जागा उरली नाही.

काही घरं या पैशानं गरिबीतून बाहेर पडली. चार वर्षांत तिथल्या मुलांचा आडदांडपणा, खोडसाळपणा, मोठ्यांशी हुज्जत घालणं इतकं कमी झालं, की कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पंगतीत ती जाऊन बसली. वाटा मिळूनही जी घरं गरीबच राहिली, तिथली मुलं होती तशीच राहिली.

नव्या बुटांनी किंवा सायकलींनी हे घडलं नाही. मुलगा कुठे गेलाय, कुणाबरोबर आहे, याकडे बघायला आईबापांना सवड झाली. संशोधकांना सापडलेलं मुख्य कारण हे.

मनातली चिंता आणि उदासी मात्र पैशानं फारशी हलली नाही. म्हणून घुम्या, कुढणाऱ्या मुलाला ‘तुला काय कमी आहे?’ असं विचारण्यात अर्थ नाही.

तेव्हा दोन पाळ्यांत राबणाऱ्या शेजारणीचं पोर बेताल वागताना दिसलं, तर शाळा सुटल्यापासून ती घरी येईपर्यंत त्याच्याकडे कोण बघतं, एवढी चौकशी करा. जमलं तर तुम्हीच बघा. आणि मूल आतल्या आत मिटत चाललं असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे १४४१६. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.