नोंदवहीबाहेरची प्रतीक्षा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



‘लष्कर आणि मराठी माणूस’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली. रणांगणाविषयी बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. रणांगणावर गेलेल्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीविषयी मात्र मी काही सांगू शकेन. आपले जबलपूर हे छावणीचे गाव. तेव्हा हा विषय आपणांस परका नाही.

ही प्रतीक्षा मराठी मनाच्या जुन्या परिचयाची आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत आणि पावसाळ्यापूर्वी परतण्याचा सर्वसाधारण रिवाज असे. मागे राहिलेल्या विरहिणीची व्यथा होनाजी, प्रभाकर आदी शाहिरांनी लावणीत गायिली. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तो मृत्यू कधीच मान्य केला नाही. १७८३ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. त्यांचे दुःख अपार होते. तरी वाट पाहण्याचा त्यांचा अधिकार सौभाग्यलेण्यांनी सर्वांस दिसत होता.

जिच्या गळ्यात मंगळसूत्र नाही, तिने काय करावे?

१९७१ च्या डिसेंबरात ती मी होते. आमचा साखरपुडा झालेला नव्हता. परस्परांस शब्द दिला होता, इतकेच. तो पश्चिम आघाडीवर होता. त्याच्या पत्त्यात गावाचे नाव नसे. पलटणीच्या नावाखाली केवळ ‘द्वारा ५६ ए. पी. ओ.’ एवढेच. नकाशावर बोट कोठे ठेवावे, हेही मला ठाऊक नव्हते. जवानाचे बरेवाईट झाल्यास तार जाई ती सैन्याच्या नोंदवहीत लिहिलेल्या आप्तांकडे. त्या वहीत माझे नाव असण्याचे कारणच नव्हते.

३ डिसेंबरला युद्ध पेटले. १६ तारखेस ढाक्यात शरणागती झाली, १७ ला पश्चिमेकडील तोफाही थांबल्या. आळीत पेढे वाटले गेले. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. मी रोज त्याच्या घरावरून जाई, दारात तारवाल्याची सायकल नाही एवढे पाही आणि परत येई. त्या घराची पायरी चढून “काही कळले का?” असे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

१९७२ च्या संक्रांतीस हळदीकुंकवासाठी त्याच्या आई आमच्याकडे आल्या. पिशवीतून लिफाफा काढून त्या मला म्हणाल्या, “माझा चष्मा घरी राहिला बघ. एवढं पत्र वाचून दाखव.” चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. पत्रावर जानेवारीची तारीख होती. तो सुखरूप होता. मी वाचीत असता त्या माउलीने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही; माझी लाज राखली.

पुढे आमचा विवाह झाला. तो वृत्तान्त येथे अप्रस्तुत होय. सांगावयाचे ते इतकेच : जवानाच्या घरी आपण विचारपूस करावयास जातो, ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्याच एखाद्या घरात, कोणत्याही नोंदवहीत नसलेली एक मुलगी जीव मुठीत धरून बसलेली असू शकते. तिला तिचे गुपित विचारू नये. वार्ता मात्र तिच्यापर्यंत पोहोचवावी.