चाळीतला दिवा का जातो?

कळवणच्या कांदाचाळीत पूर्वी ६० वॅटचा पिवळा बल्ब असे. आता ९ वॅटचा एलईडी जवळपास तेवढाच उजेड देतो. रोज ५ तास धरले, तर महिन्याला ९ युनिटऐवजी दीड युनिटही लागत नाही. २०१५च्या ‘उजाला’ योजनेनंतर हे दिवे घरोघरी पोचले.

मग खोक्यावर हजारो तासांचं आयुष्य लिहिलेला दिवा वर्षभरात का जातो? पुष्कळदा प्रकाश देणाऱ्या चिपा शाबूत असतात. बुडाशी असलेलं ड्रायव्हर सर्किट दगा देतं. त्यातला कपॅसिटर उष्णतेनं सुकत जातो. म्हणून उन्हानं तापणाऱ्या पत्र्याला खेटून किंवा बंद हंडीत दिवा लावू नका. दिवा घेताना बीआयएसची खूण पाहा, आणि हमीची पावती? ती दुकानातच विसरू नका.